काचमहालातले बूट

टॅमरॅक क्रीक, माँटाना
११ ऑगस्ट २०१९

प्रिय वेल्डन,

हॉब्सनने दुकान बंद केलं. आधी हेच सांगतो, कारण बाकीची रडकथा त्यातूनच निघाली आहे. परवा काडतुसं आणायला गेलो तर दाराला कुलूप आणि काचेवर त्याच्या वाकड्या अक्षरात एक कागद, “छप्पन्न वर्षं येत राहिलात, आभारी आहे.” मी गाडीत बसून तो कागद चार वेळा वाचला. तुझे माझे पहिले बूट तिथलेच. म्हातारा आपल्या पायांकडे नुसता बघायचा आणि माप सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही.

आता माझी पंचाईत अशी की मला बूटच हवे आहेत. मागच्या महिन्यात शेगडीपुढे पाय पसरून बसलो होतो. रबर जळल्याचा वास आला. मला वाटलं शेगडीत काही पडलं असेल. उठून शोधलं, तर माझ्याच डाव्या बुटाचा पुढचा भाग शेगडीच्या पत्र्याला चिकटलेला. पायात बूट असताना बूट जाळणारा या खोऱ्यात मी पहिलाच असेन. हस खुशाल.

तर नाइलाजाने दोन तास गाडी हाकत शहरात गेलो. काचमहालात. हो, त्याच डोंगरछाप काचेच्या बड्या दुकानात. अकरा वर्षांपूर्वी एल्क हरीण सोलून तसेच शेगडीचा गॅस घ्यायला आपण तिथे शिरलो होतो आणि तुझ्या बाहीवरचं रक्त बघून रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली होती, ते आठवतं ना? बाहेर येऊन तू म्हणालास, या दाराची पायरी पुन्हा चढायची नाही. मी म्हटलं, कबूल. म्हणजे शपथ मी मोडली आहे, आणि ते तुझ्यापासून लपवून माझं पोट दुखलं असतं.

पण मोडून मिळालं काय? आत प्लास्टिकचा डोंगर उभा केला आहे. खिडकीतून खरा डोंगर दिसतो, तरी पोरं पैसे भरून त्या खोट्यावर चढतात. कोट सगळे निळे, पिवळे, डाळिंबी. मी एका पोराला विचारलं, मातीच्या रंगाचं काही आहे का. तो म्हणाला, गेल्या वर्षीचे उरलेत, मागच्या कोपऱ्यात, अर्ध्या किमतीत. आपल्या जातीचं सगळं मागच्या कोपऱ्यात, अर्ध्या किमतीत. मग त्याने विचारलं, “तुम्ही कुठली वाट चालणार आहात?” मी म्हटलं, “जिथे वाट नाही तिथे.” त्याला तो विनोद वाटला. मी काहीही न घेता परत आलो.

बूट मिळोत न मिळोत, सव्वीस ऑक्टोबरला मोसम उघडतोय आणि मी वरच्या तळावर जाणार आहे. माझी इनेझ गेल्यापासून ते पाच आठवडेच माझे असतात. तुझं काळीज डॉक्टरांनी शिवून दिलं त्याला दोन वर्षं झाली. या वर्षी तरी टाके धरतील का? आलास तर तंबूत तुझी बाजू रिकामी आहे. नाही आलास तरी ती रिकामीच राहील, दुसऱ्या कोणाला तिथे झोपवत नाही मी.

फोन करू नकोस. पन्नास वर्षं कानाशी बंदूक वाजवल्यावर फोनमध्ये मला फक्त मधमाश्या ऐकू येतात.

तुझा,
आर्व्हिड

*

टकोमा, वॉशिंग्टन
२५ ऑगस्ट २०१९

प्रिय आर्व्हिड,

हॉब्सनचं वाचून दिवसभर जेवण गोड लागलं नाही. कॅरीनला सांगितलं, तर ती म्हणाली, “बाबा, ते दुकान तर कधीच संपलं होतं. तुम्ही दोघेच ते धरून बसला होता.” लेक आहे, पण बोलणं तिच्या आईचं. 

तुझ्या जळक्या बुटावर मी खूप हसलो. जिथे काम करतो तिथे जेवणाच्या सुटीत वाचून दाखवणार आहे. हो, काम. दिवसा सहा तास. खिळे, दोर, कुलुपं असल्या वस्तूंचं दुकान आहे, मी कोपऱ्यात उभा राहून लोकांना काय कुठे आहे ते सांगतो. घरात बसून नातवाबरोबर कार्टून बघण्यापेक्षा बरं.

आता तळाचं. आर्व्हिड, मला नाही जमणार. डॉक्टर म्हणतो उंचावर जायचं नाही, ओझं उचलायचं नाही, थंडीत दम लागेपर्यंत चालायचं नाही. मी विचारलं, मग शिकारीला जायचं कसं? तो म्हणाला, फोटो काढा. हे तुला गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं. “बघू” असं लिहीत राहिलो, कारण “नाही” लिहिलं की ते खरं झालं असतं.

एक चांगली गोष्ट झाली. इथे शेजारच्या गल्लीत एक माणूस वारला. बायकोने त्याचं सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. त्यात एक बुटांचा जोड मिळाला. पुढून रुंद, तुझ्या फावड्यासारख्या पायांना बसेल असा, आतून लोकरीचं अस्तर. थोडेसे वापरलेले आहेत. या पत्राबरोबर पाठवतो आहे. पैसे वगैरे विचारलेस तर तुझी माझी दोस्ती संपली. घरात दोन दिवस घालून बघ, आणि डाव्याच्या नाड्या सैल बांध, पाय सुजतो असं तू मागे लिहिलं होतंस.

वर एकटा जाऊ नकोस असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. ऐकणारा असतास तर चाळीस वर्षांत एकदा तरी ऐकलं असतंस.

तुझा,
वेल्डन

*

टॅमरॅक क्रीक
९ सप्टेंबर २०१९

वेल्डन,

तू मला काय समजतोस? मी तीन दिवसांपूर्वीच्या खुरावरून सांगतो की एल्क लंगडतोय की नुसता दमलाय. आणि तू मला चिखल फासलेले कोरे बूट पाठवतोस?

ऐक आता. चालणाऱ्याच्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने झिजते, या टाचा जशाच्या तशा. चामड्याला बोटांजवळ घडी पडते, इथे एकही घडी नाही. चिखल आहे तो वरून फासलेला, तळव्याच्या खाचा आतून स्वच्छ. आणि चिखल करडा, समुद्राकडचा, त्यात तुमच्याकडच्या सीडरच्या झाडाचं पान. मेलेल्या माणसाने चिखल चमच्याने लावला होता का? नातवाची मदत घेतली असशील, बोटांचे ठसे लहान आहेत.

बुटाच्या जिभेच्या मागे उपटलेल्या खुणेचे टाके आहेत, त्या जागी काचमहालाच्या छापाचा डोंगर शिवलेला असतो. म्हणजे तूही गेलास. तूही पायरी चढलास, आणि माझ्यासाठी चढलास, म्हणून मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही, याचाच राग येतो. मी निदान सांगून शपथ मोडली.

बूट ओसरीत ठेवले आहेत. घातलेले नाहीत. चांगले आहेत, हे कबूल करतो. इतके चांगले की हॉब्सनला वाईट वाटेल.

जुनेच घालून काल तळाच्या वाटेवर सरपण बघायला गेलो. जाऊन येऊन सहा मैल. मजा सांगतो. घरी येऊन बूट काढला तर आत सुपारीएवढा खडा. दिवसभर तो घेऊन चाललो होतो. मोजा रक्ताने चिकटलेला, आणि मला पत्ता नाही. चामडं बुटाचं की माझं, काही कळेनासं झालंय. इनेझ असती तर बडबडत पाण्याचं घमेलं घेऊन आली असती. मी आपलं व्हिस्की ओतली, अर्धी पायावर, अर्धी आत.

तू येणार नाहीस हे वाचलं. त्यावर काही लिहीत नाही. तीन वेळा लिहायला बसलो, तिन्ही कागद शेगडीत गेले. तंबू मी एकट्यानेही उभारू शकतो, एवढंच.

आर्व्हिड

*

टकोमा
१६ सप्टेंबर २०१९

प्रिय आर्व्हिड,

तू पकडलंस ते अर्धंच. मी काचमहालात नुसता गेलो नव्हतो. मी तिथे नोकरीला आहे. इथल्या शाखेत, बुटांच्या विभागात, एप्रिलपासून. हिरवं जाकीट घालतो, छातीवर नावाची पट्टी. खिळ्यांचं दुकान मी बनवून सांगितलं. तुला तोंड कसं दाखवायचं हे कळत नव्हतं. पाच महिने तुझी पत्रं खिशात ठेवून तुझ्या शत्रूंना बूट घालत होतो.

आता निघालंच आहे तर सगळं ऐक. पहिल्या आठवड्यात मी रोज मनात तुझ्याशी बोलायचो, तुला सांगून हसायला काय काय मिळतंय ते. कुत्र्याला फिरवायला हिमालयाचा कोट घेणारे लोक. मग एक दिवस एक दाढीवाला आला. आरशात बघितलं नाही, किंमत बघितली नाही. विजारीचं कापड कानाशी धरलं आणि नखाने खरवडलं. आर्व्हिड, मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बाकी लोक कापड डोळ्यांनी घेतात, आपले लोक कानांनी. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “ते वाजतं. त्याच्या शेजारचं घ्या, ते झुडपात गप्प राहतं.” त्याने इकडे तिकडे बघितलं, जणू आम्ही काही चोरत होतो. “तुम्ही पण?” म्हणाला. तेव्हापासून असे किती आले म्हणून सांगू. सगळे मान खाली घालून येतात, मागच्या कोपऱ्यातलं मातकट घेतात आणि पिशवी उलटी धरून बाहेर पडतात. त्यांना इथे आवडत नाही, आणि इथलंच सामान त्यांना कोरडं ठेवतं. माझंही तेच आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. इथे माझ्याबरोबर टेसा नावाची मुलगी आहे. तिशीची, नाकात कडी, मांस खात नाही. माप कसं घ्यायचं ते तिनेच मला शिकवलं. काल सुटीत मी तिला तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली, बुटाची आणि खड्याची. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, “त्यांना साखरेचा आजार आहे का?” मी म्हटलं, थोडासा आहे, तो गोळ्या घेतो, आठवण राहिली तर. ती म्हणाली, “त्यांच्या पायाला काही कळत नाहीये.” तिच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. खिळा रुतला तो तिसऱ्या दिवशी कळला, वासावरून. घोट्यापासून पाय गेला, पुढे तेही गेले.

मी चाळीस वर्षं तुझ्यामागून चाललो. बर्फात तुझं पाऊल कसं पडतं ते झोपेत सांगेन. आणि तुझं पत्र वाचून मी हसलो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

तिने एक उपाय सांगितला. गळाचा नायलॉन दोरा घ्यायचा, जाडसर, बोटभर. डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कोणीतरी तो तळपायाला एकेका जागी टोचायचा, दोरा वाकेपर्यंत. कळलं की हो म्हणायचं. कोणाकडून तरी करून घे. आणि डॉक्टरकडे जा. तोपर्यंत वर जाऊ नकोस. या वेळी लिहून खोडत नाही. वर एकटा जाऊ नकोस. तिथे पाय गोठला तर तुला कळणारही नाही.

शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र लिही.

वेल्डन

*

टॅमरॅक क्रीक
३० सप्टेंबर २०१९

वेल्डन,

दोन आठवडे मी तुझ्याशी भांडतोय, तू इथे नसताना. आता समोर येऊनच भांडतो. गुरुवारी दुपारी तुझ्या त्या दुकानात पोचेन. तुझा तो दोरा तूच टोच, शेजारपाजारच्या कोणाला मी माझे पाय दाखवत नाही. सगळं ठीक निघालं की ओसरीतले बूट माझे, आणि तू तोंड बंद ठेवायचं.

आर्व्हिड

*

टकोमा
५ ऑक्टोबर २०१९

प्रिय आर्व्हिड,

तू इतक्या तावातावाने निघून गेलास की जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तुझ्यामागे गाडीपर्यंत धावलो असतो, पण मला धावायची बंदी आहे.

आधी हे की तुला त्या दारातून येताना बघून मला काय झालं ते तुला दिसलं नसेल. नारिंगी टोपी, चौकड्यांचा लोकरी कोट, नऊ तासांच्या प्रवासाने वाकलेला. दारात उभा राहून तू टोपी काढलीस, चर्चमध्ये काढतात तशी. मग एक विजार उचललीस, कानाशी धरून खरवडलीस, पुन्हा खरवडलीस, आणि माझ्याकडे वळून विचारलंस, “वाजतं का रे?” सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. तुझ्या कानांना आता तेही ऐकू येत नाही हे मला तेव्हा कळलं. कोणी हसलं नाही, आर्व्हिड. तुला वाटलं हसले, पण नाही हसले.

आता पायाचं. तू बाकावर बसलास, मोजे काढलेस, डोळे मिटलेस. मी उजव्या पायाला दहा जागी दोरा लावला, तू दहाही वेळा हो म्हणालास, बरोबर वेळी. मग डावा. तिथेही तू हो म्हणत गेलास. हो, हो, हो. चौथ्या वेळी मला शंका आली. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वेळी मी दोरा लावलाच नाही. तो माझ्या हातात होता, माझ्या गुडघ्यावर. तू तीनही वेळा हो म्हणालास.

मी तेव्हा हे बोललो नाही. टेसा शेजारी उभी होती, दोन गिऱ्हाइकं बघत होती, तुला त्यांच्यासमोर खोटं पाडणं मला जमलं नाही. म्हणून मी फक्त एवढंच म्हणालो, “मी तुला बूट देणार नाही.” तू म्हणालास, “म्हणजे आता तूही आम्हाला दारातून हाकलतोस.” ते वाक्य मला लागायला हवं तसं लागलं. पण आर्व्हिड, ज्या पायाला जमीन कळत नाही त्याला मी कुठल्या तोंडाने बूट देऊ? आणि ओसरीतलेही परत पाठव, असं मला म्हणायचं होतं.

अंगठ्याखाली जखम आहे. लहानशी म्हणत नाही, चांदीच्या डॉलरएवढी आहे. कडा पांढऱ्या. तुला दिसत नाही कारण तुला वाकता येत नाही, आणि आता घरात बघणारं कोणी नाही.

तू गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडलो. सत्तर वर्षांचा हिरव्या जाकिटातला माणूस खोक्यांच्या मधे बसून रडत होता. टेसाने दार लावून घेतलं आणि बाहेर माझी गिऱ्हाइकं सांभाळली. तुझ्यावाचून मला जगायचं असेल तर मी जगेन, पण मला ते शिकायचं नाही. डॉक्टरकडे जा.

वेल्डन

*

टकोमा
३० ऑक्टोबर २०१९

आर्व्हिड,

मोसम उघडून चार दिवस झाले. तुझं पत्र नाही. कॅरीन म्हणते पोलिसांना फोन करू का. मी म्हटलं, तो जिवंत असेल आणि पोलीस तळावर पोचले, तर मग तो माझं तोंड जन्मात बघणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत, दहा तारखेपर्यंत थांबतो, मग मात्र करतो.

भांडण राहू दे. एक ओळ लिही. “आहे” एवढाच शब्द लिहिलास तरी चालेल.

वेल्डन

*

टॅमरॅक क्रीक
७ नोव्हेंबर २०१९

वेल्डन,

आहे.

हे पत्र इस्पितळातून सुरू केलं होतं, घरी येऊन पुरं करतो. शेजारच्या डोरिनने तुझं पत्र आणून दिलं. पोलिसांना राहू दे.

सव्वीस तारखेला मी निघालो होतो. हे लपवत नाही. तंबू गाडीत भरला, बंदूक भरली, ओसरीतले बूट घातले. तुझे. वाट सुरू होते तिथे गाडी लावली तेव्हा नुकतं उजाडत होतं. घोटाभर बर्फ, वारा नाही, आपल्याला हवी असते तशी सकाळ. वरच्या कड्यावरून एक नर ओरडला असेल, मला ऐकू आलं नाही, पण कान टवकारायची सवय जात नाही. आणि तुझं पत्र खिशात होतं. ते तीन वेळा खोटं हो म्हणाल्याचं.

मला माहीत होतं रे. डोळे मिटून बसलो होतो तेव्हाच मला माहीत होतं. तू दोरा लावतोस की नाही हे मी तुझ्या श्वासावरून ओळखायचा प्रयत्न करत होतो, आणि मला तोही ऐकू येत नव्हता. म्हणून नुसतं हो म्हणत गेलो. मला वाटलं, इतकी वर्षं तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही, एकदा चालून जाईल.

गाडीच्या मागच्या फळीवर बसलो. दोन्ही बूट काढले, मोजे काढले, दोन्ही पाय बर्फात ठेवले. उजवा असा ओरडला की दात वाजले. डावा गप्प. मी त्याच्याकडे बघत बसलो. माझाच पाय, बर्फात घातलेला, आणि माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी फार घाबरलो, वेल्डन. अस्वल समोर आलं तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो. मोजा घातला, गाडी वळवली आणि सरळ इस्पितळात गेलो.

दोन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. डॉक्टरीण पोरगेलीशी आहे. म्हणाली, त्या दिवशी वर गेला असतात तर आज आपण गुडघ्याबद्दल बोलत असतो, किंवा बोलतच नसतो. तिने बूट उचलून बघितले आणि विचारलं, हे कोणी निवडले? पुढून रुंद, आत शिवण टोचत नाही, अशा पायाला असेच हवेत. मी म्हटलं, माझा एक दोस्त काचमहालात नोकरी करतो. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. वाटलं होतं तितकं कडू लागलं नाही.

त्या मुलीला, टेसाला, काही तरी पाठवायचं होतं. मी दरवर्षी सुकवलेलं मांसच पाठवतो, ते तिला चालायचं नाही. हकलबेरीच्या रानफळांचा मुरंबा पाठवला आहे, इनेझच्या पद्धतीचा. तिला सांग की तिचे वडील असते तर मी त्यांच्याशी हात मिळवला असता. आणि दुकान मला अजूनही आवडत नाही हेही सांग. तो प्लास्टिकचा डोंगर बघून मला अजूनही कसंसंच होतं.

वरचा तळ संपला. लिहून टाकतो म्हणजे खरं होईल. तंबू डोरिनच्या मुलाला दिला. देताना बरं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही.

डॉक्टरणीने एक कागद दिला. शिकार खात्याचा अर्ज आहे, चालता न येणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीतून शिकार करायचा परवाना. तुला आठवत असेल, असे लोक दिसले की आपण काय म्हणायचो. मी सगळ्यात मोठ्याने म्हणायचो. अर्ज चार दिवस टेबलावर पडून होता. काल भरला. नाव, वय, पाय कुठला. खाली एक रकाना आहे, सोबत्याचा. परवानेवाल्याला एकट्याने जायची मुभा नाही. सोबत्याने गाडी चालवायची, जखमी जनावर शोधायचं, लागेल तिथे हात द्यायचा. खालच्या कुरणांचा रस्ता आहे, तुझ्या डॉक्टरला चालेल एवढाच उंच. ओझं उचलायला डोरिनचा मुलगा येईल. तुला फक्त गाडी चालवत माझ्या वाटचं ऐकायचं आहे, कारण मला ऐकू येत नाही, आणि चढ कोणालाच चढायचा नाही, कारण तुझं काळीज चढत नाही आणि माझा पाय. दोघांत मिळून जेमतेम एक माणूस होतो. या कामाला एक पुरतो.

त्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. अर्ज डोरिनबरोबर पाठवूनही दिला. खिडकीवरच्या बाईने तिला विचारलं म्हणे, या गृहस्थांची संमती घेतली आहे का. घेतलेली नाही. तळावर निघताना आपण कधी एकमेकांना विचारत नव्हतो. पण आता तुला लेक आहे, नोकरी आहे, डॉक्टर आहे, म्हणून विचारतो. या महिन्याच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात येशील का? नाही म्हणालास तर मला राग येणार नाही. तुझं नाव खोडायला सांगेन, रकाना कोरा राहील आणि मी घरी बसेन. तिथे लिहायला माझ्याकडे दुसरं नाव नाही.

तुझा,
आर्व्हिड